बिस्किटाच्या नावावरचा गोल

हौशी खेळाडू हा कुठल्याही समाजातला सर्वांत निर्मळ माणूस असतो, कारण तो पैशासाठी खेळत नाही, मातीसाठी खेळतो. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते कॉव्हेंट्रीतल्या एका आयरिश क्लबच्या हॉलमध्ये, रोस्ट चिकन आणि तीन प्रकारचे बटाटे खाऊन झाल्यावर. बोलणारे क्लबचे अध्यक्ष होते. माती कुठली ते त्यांनी सांगितलं नाही. क्लबचं मैदान कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, भाड्याने घेतलेलं होतं, आणि त्यावर कुत्री फिरवायला येणाऱ्या लोकांशी क्लबचं जुनं भांडण होतं.

वाक्यावर टाळ्या पडल्या. माझ्या बाजूच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने जरा जास्तच वाजवल्या. त्या दुपारी त्यांना या हॉलकडून एकच गोष्ट हवी होती. समोरच्या भिंतीवर जांभळ्या मखमलीखाली झाकलेला एक लाकडी फलक होता. त्यावर त्यांना आपलं नाव बघायचं होतं.

ते आमचे शेजारी. दोन हजार सालानंतर मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर कॉव्हेंट्रीत आलो आणि भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या ओळीत एका घरात भाड्याने राहू लागलो. पलीकडच्या घरात हे एकटेच राहात. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त, बायको वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. ओळख झाली ती नारळामुळे. त्यांच्या बागेत, चिमण्यांएवढ्या निळ्या पक्ष्यांसाठी, करवतीने अर्धे कापलेले नारळ दोरीला टांगलेले असत. माझी बायको नागपूरची. तिच्या मनात आलेलं पोटात राहात नाही. तिने कुंपणावरून विचारलं, "काका, नारळ पक्ष्यांना कशाला घालता?"

"मग कोणाला घालू?" ते म्हणाले. "शेडमध्ये अजून पुष्कळ आहेत."

इंग्लंडच्या जत्रेत नारळ पाडायचा एक खेळ असतो. खांबांवर नारळ ठेवलेले असतात. लाकडी चेंडू मारून पाडला की नारळ आपला. आमच्या शेजाऱ्यांना आसपासच्या जत्रांतले खेळवाले चेहऱ्याने ओळखत. ते रांगेत दिसले की मालक लांबूनच हात हलवायचा, "तुम्ही नाही. तुम्ही नाही." मग ते एखाद्या लहान पोरीच्या आईला बाजूला घेऊन कसा नेम धरायचा ते सांगत आणि नारळ मुलीला मिळे. साठी ओलांडलेल्या माणसाची ही कारकीर्द होती. त्याच्या आधीची खरी होती.

ती मला तुकड्यातुकड्यांनी कळली, कारण हा माणूस स्वतःबद्दल बोलायचा म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी चहाडी केल्यासारखा बोलायचा. आयर्लंडमध्ये, गावी असताना ते गेलिक फुटबॉल खेळत. त्या खेळात चेंडू हातात घेता येतो, लाथही मारता येते, आणि अंगावर आलेल्या माणसाची तक्रार करायची पद्धत नाही. शिवाय हर्लिंग, म्हणजे काठी आणि चेंडूचा खेळ, जो बघताना माझ्या बायकोने डोळे मिटून घेतले होते. शिवाय भिंतीवर हाताने चेंडू मारायचा खेळ. शिवाय धावणं. शिवाय कॉव्हेंट्रीत आल्यावर कारखान्याच्या संघातून क्रिकेट, आणि आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो, ज्याला ते सॉकर म्हणत. यातल्या कशाचेही पैसे मिळत नव्हते. सोमवारी सकाळी पुन्हा लाइनवर उभं राहायचं, मोटारीचे दरवाजे बसवायचे.

"इतके खेळ कशाला?" मी एकदा विचारलं.

"घरात एक खोली होती आणि आम्ही तिघं भाडेकरू होतो," ते म्हणाले. "बाहेर राहणं सोयीचं होतं."

आता नियमाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळा संताप तिथून सुरू होतो. त्या काळी गेलिक खेळणाऱ्या माणसाला परके खेळ खेळायची बंदी होती. परके म्हणजे इंग्रजांचे: सॉकर, रग्बी, क्रिकेट, हॉकी. खेळणंच काय, बघायला जाणंही गुन्हा. हा नियम ज्या देशासाठी केला होता तिथे त्याचा काही अर्थ असेलही. पण इंग्रजांच्या गावात, इंग्रजांच्या कारखान्यात, इंग्रजांच्या मोटारीचे दरवाजे बसवणाऱ्या माणसाने इंग्रजांच्या चेंडूला पाय लावू नये, हे मला आजही कोणी समजावून सांगितलेलं नाही.

नियम मोडणारे सापडावेत म्हणून क्लब माणसं नेमत असे. या पहारेकऱ्यांनी परक्या खेळांच्या मॅचना जायचं, गर्दीत उभं राहायचं, आपल्यातला कोण तिथे दिसतो ते बघायचं आणि समितीला येऊन सांगायचं. बघण्याचा गुन्हा फक्त त्यांना माफ होता. म्हणजे सॉकर मनसोक्त बघायची मुभा क्लबमध्ये फक्त सॉकरच्या शत्रूंना होती.

मी हे ऐकून चकित व्हायला हवं होतं. पण मी पुण्याचा, आणि तोवर तिथल्या मराठी मंडळाचा सभासदही झालो होतो. आमच्या मंडळाने एका तबलजीला गणपतीच्या कार्यक्रमातून वगळलं होतं, कारण आदल्या नवरात्रात तो गुजराती मंडळाच्या गरब्याला वाजवताना दिसला. "तत्त्वाचा प्रश्न आहे," असं सेक्रेटरी म्हणाले होते. तो त्यांना दिसला, कारण ते स्वतः मुलीला घेऊन गरब्याला गेले होते.

शेजाऱ्यांनी वाट काढली ती इतर सगळ्यांनी काढली तीच. रविवारी खऱ्या नावाने गेलिक, शनिवारी खोट्या नावाने सॉकर. कारखान्याच्या संघात त्यांना आडनाव हवं होतं, तेव्हा कॅन्टीनच्या फळीवर बिस्किटांचा एक डबा होता. त्यावरचं नाव त्यांनी घेतलं. पुढे एका शनिवारी त्यांनी डाव्या पायाने, जवळजवळ कोपऱ्याच्या झेंड्यापासून, असा एक गोल मारला की गोलकीपरने वळून जाळ्यातला चेंडू बघितला आणि मग त्यांच्याकडे बघितलं, जणू दोघांचा संबंध त्याला लागत नव्हता. स्थानिक पेपरात त्यावर चार ओळी आल्या. गोल बिस्किटाच्या नावावर.

"बायकोला दाखवला पेपर," ते म्हणाले. "तेव्हा लग्न ठरत होतं आमचं. ती म्हणाली, हा कोण? भेटायला हवं याला."

त्या शनिवारी पहारेकरी मैदानाच्या कडेला उभा होता. पुढच्या रविवारी गेलिकची अंतिम मॅच होती. फायनलपर्यंतच्या सगळ्या मॅच शेजारी खेळले होते. मधल्या आठवड्यात समितीने त्यांना निलंबित केलं. फायनलच्या दिवशी ते गेले, कारण न जाणं त्यांना कोत्या मनाचं वाटलं. संघाने त्यांच्याकडे कोट सांभाळायला दिले. संघ जिंकला. फोटो निघाला तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर पंधरा माणसांचे कोट होते.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"कोट ओले होते," ते म्हणाले. "जड लागत होते."

तो नियम पुढे काही वर्षांनी रद्द झाला. शेजारी क्लबमध्ये जातच राहिले. मुलांना हर्लिंग शिकवलं, मैदानाचं गवत कापलं, जाळी शिवली. आणि मग आमच्या तिथल्या चौथ्या की पाचव्या उन्हाळ्यात क्लबच्या पन्नाशीचा समारंभ ठरला. अध्यक्षांचा स्वतःचा फोन आला. सगळ्या विजेत्या संघांची नावं कोरलेला नवा फलक करतोय, अनावरण आहे, तुम्ही तर यायलाच हवं. "तुम्ही तर यायलाच हवं" याचा अर्थ शेजाऱ्यांनी लावला. मीही तोच लावला असता. बायकोनेही तोच लावला, आणि ती सहसा माणसांच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही.

त्या आठवड्यात त्यांनी सूट धुवायला टाकला आणि तो झाला का ते दोनदा जाऊन विचारून आले. समारंभाच्या दिवशी कुंपणाशी येऊन बायकोसमोर उभे राहिले.

"कोटाचं बटण लावू की उघडं ठेवू?"

"बसताना उघडं, काका. उठताना लावा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, "तू जा त्यांच्यासोबत. तुला भाषणं ऐकायची हौस आहे नाहीतरी. आणि जांभई दाबून दे."

म्हणून मी त्या हॉलमध्ये होतो. बटाटे झाले, निर्मळ माणसाचं वाक्य झालं, मग अध्यक्ष फलकाकडे वळले. त्यांच्या गळ्यात हिरव्या रिबिनीत अडकवलेला एक मोठा बिल्ला होता आणि वाकले की तो ग्रेव्हीत बुडत होता. त्यांनी दोरी ओढली. मखमल एका कोपऱ्याला अडकली, कोणीतरी खुर्चीवर चढून सोडवली. चांगलं लाकूड होतं. सोनेरी अक्षरं होती. ती आमच्या टेबलावरून वाचता येत नव्हती, पण अध्यक्ष ती वाचून दाखवणार होते, आणि ज्याचं नाव येईल आणि जो हयात असेल त्याने उभं राहायचं होतं.

त्यांच्या वर्षापर्यंत वाचन आलं तेव्हा शेजाऱ्यांनी बसल्या बसल्या कोटाचं बटण लावलं. दोन्ही तळवे टेबलावर टेकवले. एकेक नाव आलं. हॉलमध्ये इकडेतिकडे म्हातारी माणसं उठली, एकाला नातीने धरून उभं केलं. पंधरा नावं झाली, मग राखीव खेळाडूंची झाली, आणि अध्यक्षांनी पुढचं वर्ष घेतलं.

टेबलावर टेकवलेले हात कसे मागे घ्यायचे? उठायच्या तयारीत ते अर्धवट उचलले गेले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं म्हणून मी समोरची सुरी सरळ केली, मग काटा सरळ केला.

इथवर मी हे चुकीत धरलं असतं. माणसं विसरतात. पण वाचन संपलं आणि अध्यक्षांनी क्लबच्या शिस्तीसाठी आयुष्यभर झटलेल्या ज्येष्ठ सभासदाचा खास सत्कार जाहीर केला. एक बुटका, नीटनेटका, चष्म्याच्या काचा पुसत येणारा म्हातारा मंचावर गेला. तो वयाने माझ्या वडिलांएवढा होता, पण इथे लिहिताना मी त्याला अहो-जाहो करणार नाही; रागाला तेवढी सवलत असावी. शेजारी माझ्या कानाशी वाकले आणि हवामान सांगावं तसं म्हणाले, "तो. मैदानाच्या कडेला उभा होता तो."

त्याला क्रिस्टलचं भांडं दिलं. शेजाऱ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. आमच्याकडे अशा वेळी शाल आणि नारळ देतात, आणि मला त्या सत्कारांची चेष्टा करायची आयुष्यभराची सवय आहे. पण आमच्याकडे निदान चहाडीसाठी शाल घालत नाहीत. निदान तसं जाहीर करून घालत नाहीत.

चहाच्या वेळी मी अध्यक्षांना गाठलं. शेजारी म्हणाले होते, "सोड," आणि मी सोडलं नव्हतं.

"त्या संघात एक नाव राहिलं," मी म्हटलं.

"तुम्ही त्यांच्यासोबत आलात," अध्यक्ष म्हणाले. त्यांना कोणाबद्दल ते लगेच कळलं, म्हणजे विसरलेले नव्हते. "फार मोठा खेळाडू. फार मोठा. पण फायनलला ते निलंबित होते."

"सॉकर खेळल्याबद्दल."

"हो."

"तो नियम आता नाही."

"नाही ना. चांगलंच झालं. मूर्ख नियम होता."

"मग?"

"पण तेव्हा होता," अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "आम्ही इतिहास बदलू शकत नाही. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला हे पटेल."

त्यांच्या पायाशी त्यांचा नातू एका इंग्रज सॉकर संघाची लाल जर्सी घालून केक खात होता. पाठीवर कोण्या खेळाडूचं नाव होतं. त्या पोराला त्या नावाने हिंडायची पूर्ण मुभा होती.

नियम मूर्ख असतात, याचा मला कधीच फार त्रास झालेला नाही; पुण्यात वाढल्यावर तेवढी प्रतिकारशक्ती येते. मला चीड आली ती याची, की नियम गेला आणि शिक्षा राहिली. शिक्षा जपून ठेवली, तिला पॉलिश केलं, सोनेरी अक्षरांत लावली आणि तिला इतिहास म्हटलं. आणि ज्याची शिक्षा होती त्याला फोन करून जेवायला बोलावलं, कारण हॉल भरलेला दिसायला हवा होता. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला केकचा मोठा तुकडा दिला.

मी परत टेबलाशी आलो तर माझ्या खुर्चीवर पहारेकरी बसलेला. क्रिस्टलचं भांडं त्याने मांडीवर धरलं होतं, ठेवायला जागा मिळत नसल्यासारखं. मी त्याच्या समोर उभा राहिलो.

"सॉकर बघणंही बंद होतं ना?" मी म्हटलं.

"होतं," तो म्हणाला.

"तुम्ही मात्र दर शनिवारी बघत होता."

"मी सॉकर बघत नव्हतो. माणसं बघत होतो. काम होतं ते."

शेजारी हसले. "पाऊस असला तरी यायचास," ते त्याला म्हणाले. "आमच्या संघाला तुझ्याएवढा पाठीराखा दुसरा नव्हता."

पहारेकऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे न बघता शेजाऱ्यांना म्हणाला, "तो डाव्या पायाचा. कोपऱ्यातून मारलेला. वारा उलटा होता."

"होता."

"पेपरात दुसरंच नाव आलं."

"आलं."

"मी समितीत तुझंच नाव सांगितलं," पहारेकरी म्हणाला. "त्यांनी विचारलं, नक्की तोच का? मी म्हटलं, त्या पायाने तसा चेंडू मारणारा दुसरा माणूस या गावात नाही."

हे तो अभिमानाने म्हणाला की क्षमा मागावी तसं, मला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं. मी मनात हिशेब लावला तो असा: त्या माणसाच्या आयुष्यातला सर्वांत चांगला गोल त्याच्या खऱ्या नावाने एकदाच बोलला गेला होता, आणि तो त्याच्याविरुद्धच्या तक्रारीत. त्या समितीतले बाकीचे सगळे वारले होते. आता या गोलचा साक्षीदार म्हणजे हा एकच, आणि त्याच्या मांडीवर भांडं.

"मग आता अध्यक्षांना सांगा हे," मी म्हटलं. "फलकावर जागा आहे. मी बघितली."

पहारेकऱ्याने फलकाकडे बघितलं. "निलंबित होता," तो म्हणाला. "मीच तर केलं."

माझ्या तोंडात आलेलं मी मराठीत बोललो. शेजाऱ्यांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी दोघांच्या मधे एक खुर्ची ओढली आणि माझी बाही धरून मला खाली बसवलं. "चहा घे," ते म्हणाले. "इथला चहा निदान कोणी कोरून ठेवत नाही."

आभारप्रदर्शन व्हायचं होतं. ते झालं नाही, कारण चारला टीव्हीवर मोठी सॉकर मॅच होती आणि लोकांनी खुर्च्या फिरवायला सुरुवात केली होती. बारवाल्याने प्रोजेक्टर आणला. हॉलमध्ये पडदा सोडायला रिकामी अशी एकच भिंत होती. त्याने आकडीच्या काठीने वरचा पडदा खाली ओढला आणि तो सोनेरी अक्षरांवरून, सगळ्या वर्षांवरून, जमिनीपासून हातभर अंतरापर्यंत आला. मखमल कोणीतरी घडी करून बिअरच्या खोक्यावर ठेवली. अध्यक्षांनी बिल्ला काढून खिशात घातला आणि पुढची खुर्ची धरली.

आम्ही निघायला हवं होतं. शेजारी निघेनात. पहारेकरीही तिथेच बसला, मी दोघांच्या मधे. बराच वेळ काही झालं नाही. मग पांढऱ्या जर्सीवाल्यांनी गोल मारला. सगळा हॉल एकदम उठून उभा राहिला, सर्वांत आधी अध्यक्ष. शेजारीही उठले. कोटाचं बटण अजून लावलेलंच होतं.

पहारेकरी बसून होता.

"ऑफसाइड," तो म्हणाला. गोल रद्द ठरवणारा रेषेवरच्या पंचाचा झेंडा त्यानंतर वर गेला.